हिरेटोल्याचं जोडवन

माझ्या बायकोला परीक्षेत कॉपी करताना पकडलं, तेव्हा तिच्यासोबत आमचं अख्खं गाव पकडलं गेलं. माझी आई पकडली गेली, गावचा पुजारी-मुखिया म्हणजे आमचा भूमिया पकडला गेला, रैजी उसेंडी आणि त्याची एक बकरीही पकडली गेली. मीसुद्धा तिथेच होतो, पण यंत्राला माझा अर्धाच चेहरा दिसला, म्हणून माझी नोंद 'अनिश्चित व्यक्ती' अशी झाली. आई अजूनही अधूनमधून मला त्याच नावाने हाक मारते.

हे कसं घडलं ते नीट सांगायला हवं. आता जो तो आपापल्या पद्धतीने सांगतो, आणि आईच्या सांगण्यात तर ती दर वेळी थोडी जास्त शूर होत जाते.

हिरेटोला हे गडचिरोली जिल्ह्यातलं गोंडांचं लहानसं गाव. तिन्ही बाजूंनी जंगल, आणि त्या जंगलाचा सामूहिक वनहक्क आजोबांच्या काळात ग्रामसभेला मिळालेला. बांबू कुठला तोडायचा, तेंदूपत्ता कुणाला विकायचा, कुठला पट्टा राखायचा, हे सगळं गाव ठरवतं. ठरवतं म्हणजे सगळे हो म्हणाले की ठरतं. हात वर करून मोजणी आमच्याकडे होत नाही. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. रैजी उसेंडी हा माणूस तर बहुधा नाही म्हणायलाच जन्माला आलाय. त्यामुळे आमच्या बैठका म्हातारपणापर्यंत पुरतात.

अशात नवा नियम आला. उन्हाळे लांबलेत, वणवे वाढलेत, तेव्हा जंगल सांभाळणाऱ्या प्रत्येक ग्रामसभेकडे परीक्षा पास झालेला एक भूव्यवस्थापक असलाच पाहिजे. त्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम असेल. माणूस मिळाला नाही तर जंगलाचा हक्क तुमचाच राहील, कारभार मात्र बाहेरच्या संस्थेकडे जाईल. म्हणजे घर आमचं आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. गावात कुणाला त्या रात्री नीट झोप लागली असेल असं वाटत नाही.

गावाने नाव काढलं जैवंताचं. ती बारावी शिकलेली, हिशोबाला पक्की, आणि बोलायला कुणाला न घाबरणारी. जैवंता माझी बायको, पण त्याआधी माझ्या मामाची मुलगी. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. म्हणजे माझी आई, चैतीबाई, तिची सख्खी आत्या. लहानपणी जैवंता आईच्या कडेवर बसून मोहाची फुलं वेचायला जायची. आईने घरात भाचीच आणली, मुलगा आधीपासून होता म्हणून ठेवून घेतला, असं मी म्हणतो. आई ते नाकारत नाही.

अभ्यासक्रम वर्षभराचा होता. दुपारी टॅबलेट उघडला की मेळघाटातले, नंदुरबारकडचे, पालघरचे असे कितीतरी शिकाऊ भूव्यवस्थापक चौकटीचौकटीत दिसायचे, आणि नागपुराहून डॉ. मृणाल खानझोडे शिकवायच्या. माती, पाणी, बाजारभाव, टेंडर, सगळंच त्यात होतं. पण जैवंता खरी गुंतली ती जोडवनात.

जोडवन म्हणजे जुळं जंगल. खरं जंगल बाहेर उभं, आणि त्याचं जुळं भावंड नागपूरच्या प्रशिक्षण केंद्राच्या संगणकात. आधी ड्रोनने लेझर फिरवून झाडन् झाड मापलं गेलं. मग जमिनीत खुंट्या ठोकल्या. ते काम माझ्याकडे आलं, कारण गावातले सौर पंप मी दुरुस्त करतो आणि कुठेही तार दिसली की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. खुंटी वीतभर लांब. ती मातीचा ओलावा मोजते, उष्णता मोजते, जमिनीचे हादरे टिपते आणि आणखी एक गोष्ट ऐकते.

ती गोष्ट जैवंताने मला चुलीपाशी बसून समजावली. झाडांच्या मुळांना बुरशीचे धागे चिकटलेले असतात, केसाहून बारीक. मूळ जिथे पोचत नाही तिथलं पाणी आणि क्षार हे धागे आणून देतात, आणि त्याच्या बदल्यात झाड पानांत तयार झालेली साखर त्यांना देतं. या धाग्यांतून अगदी मंद विजेच्या लहरी जातात. त्या कशासाठी जातात, याचा पुरता उलगडा अजून कुणाला झालेला नाही. पण धागे धडधाकट असले की लहरी एका लयीत येतात आणि धागे मेले की जमीन मुकी होते, एवढं शास्त्रज्ञांच्या हाती लागलं होतं. खुंट्या ही लय संगणकाला कळवत राहतात, म्हणून जुळं जंगल खऱ्या जंगलाबरोबर श्वास घेत राहतं. मग त्याला विचारायचं, इथला बांबू दर तिसऱ्या वर्षी तोडला तर काय होईल? पाऊस लांबला तर? संगणक तीस वर्षं पुढे पळवून दाखवतो, चुलीवरचा भात शिजायच्या आत.

मला हे सगळं ऐकून गंमत वाटली. तिला मात्र भूल पडली. रोज नवा प्रश्न, रोज नवी तीस वर्षं. डॉक्टर मृणाल प्रत्येक आठवड्याला सगळ्यांसमोर तिचं नाव घ्यायच्या. आई शेजारणींना सांगत फिरायची की माझी भाची पुढचं पाहते.

मग एक दिवस जैवंताने जोडवनाला मोहाबद्दल विचारलं.

मोहाचं फूल पहाटे गळतं. झाडाखाली त्या दिवसांत वाळलेल्या पानांचा थर असतो, त्यात फूल हरवतं. म्हणून हंगामाआधी झाडाखालची पानं पेटवून द्यायची, जमीन काळी स्वच्छ होते, आणि त्यावर पिवळसर फुलं लांबून दिसतात. आमचे आजे-पणजे हेच करत आले. प्रत्येक घराची झाडं ठरलेली, प्रत्येक घर आपली पानं पेटवतं. यात काही चुकीचं आहे असं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

जोडवनात जैवंताने वर्षं पुढे सरकवली. जुने मोह उभे होते, मग एकेक करून पडत गेले, आणि त्यांच्या खाली उगवलेलं काहीच नव्हतं. दर वर्षीच्या आगीत कोवळी रोपं होरपळत होती आणि वरच्या थरातले धागे मरत होते. त्यामुळे जे बी रुजायचं त्याला खालून कुणी पाणी देणारं नव्हतं. तीस वर्षांनंतरच्या हिरेटोल्यात मोहाची झाडं बोटावर मोजण्याइतकी उरली होती. जैवंता त्या दिवशी जेवली नाही. मी आग्रह केला तर माझ्यावरच खेकसली.

पुढच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली की यंदापासून मोहाखाली आग लावायची नाही. का, ते तिने सांगितलं, टॅबलेटवर दाखवलंही. सगळं खरं होतं. पण ती सांगत होती ते मृणाल मॅडमसारखं. शेवटी तिने विचारलं, कुणाची हरकत आहे का, आणि सभा गप्प बसली. रैजीसुद्धा गप्प बसला.

आमच्या गावात गप्प बसणं ही नाही म्हणण्याची सभ्य रीत आहे. हे शेंबड्या पोरालाही कळतं. जैवंता याच गोटुलाच्या, म्हणजे आमच्या बैठकीच्या जागेच्या अंगणात खेळून मोठी झालेली, तिला ते कळत नव्हतं असं कसं म्हणावं? पण कितीतरी महिने ती अशा वर्गात बसत होती जिथे गप्प बसलं की होकार धरतात आणि पुढचा धडा सुरू होतो. तिने जोडवनात नोंद केली, ठराव झाला. तेव्हाच जुळ्या जंगलात मोहाखाली हिरवी रोपं फुटली. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं, पण तिचा चेहरा इतका फुलला होता की मी पंपाचे नट शोधायला निघून गेलो.

हंगाम आला. एका सकाळी टॅबलेटवर लाल ठिपका लागला. खुंटीने उष्णता पकडली होती. ठिपका आमच्याच मोहाखाली होता.

जैवंता धावत सुटली, मी तिच्या मागे. आई वाकून काठीने जळती पानं पुढे लोटत होती.

"आत्या, हे काय करून रायली तू? सभेत ठरलं होतं ना."

"कोनं ठरवलं?" आईने वर पाहिलंही नाही. "मले कोनं इचारलं? तू सांगतलं. इचारलं नाई."

जैवंताने पायांनी आग विझवायचा प्रयत्न केला. आई बाजूला झाली नाही आणि तिला अडवलंही नाही. त्या दिवसात एकामागून एक सगळ्यांच्या झाडांखालून धूर निघाला. टॅबलेटचा पडदा कांजिण्या आलेल्या पोरासारखा लाल झाला.

त्यानंतर घरात आत्या-भाचीचं बोलणं बंद. मिठाची बरणी शेजारी असली तरी आई मला सांगायची, तिले म्हन मीठ दे. मी म्हणायचो, मीठ दे. ती मला म्हणायची, घ्या म्हणावं. मी म्हणायचो, घे. जेवण गार व्हायचं. जैवंताने सभेला जाणं सोडून दिलं. गाव आडमुठं आहे, असं ती मला म्हणाली, आणि ते ऐकून मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. जंगल वाचवायला शिकायला बसलेली बाई गावापासून तुटत चालली होती, आणि आमच्याकडे गाव आणि जंगल वेगळं काढता येत नाही.

डॉक्टर मृणालशी तिचं बोलणं झालं. त्यांनी समजूत घातली. असं सगळीकडेच होतं, लोकांना वेळ लागतो. परीक्षेत शास्त्रशुद्ध योजना लिहा, तुम्ही पहिल्या याल. एकदा तुम्ही पास झालात की कारभार गावातच राहील, मग हळूहळू लोकांचं पाहू. सल्ला वाईट नव्हता. मीही तेच म्हणालो. जंगल हातातून जाऊ नये, याच्यापुढे मला बाकी काही दिसत नव्हतं.

परीक्षा हिवाळ्यात आली. समाजमंदिराच्या खोलीत टॅबलेटसमोर तिने एकटीने बसायचं, समोर कॅमेरा. खोलीत दुसरा चेहरा दिसला किंवा दुसरा आवाज आला तर यंत्र परीक्षा थांबवणार. मी बाहेर बॅटरीपाशी बसलो होतो.

प्रश्न एकच होता. आपल्या वनक्षेत्रातील मोहाचे घटते प्रमाण लक्षात घेऊन तीस वर्षांची योजना तयार करा. खाली एक ओळ होती: उत्तीर्ण झालेली योजना ग्रामसभेवर बंधनकारक राहील.

ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसली होती, हे तिने मला नंतर सांगितलं. उत्तर तिला तोंडपाठ होतं. आग बंद, झाडांभोवती कुंपण, बकऱ्यांना बंदी. लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी गुण होते. मी खिडकीतून डोकावलो तेव्हा ती टॅबलेट उचलत होती. बाहेर येऊन तिने मला विचारलं की बॅटरी किती टिकेल. संध्याकाळपर्यंत, मी म्हणालो.

"मंग चला गोटुलाकडं."

मला कळलं ती काय करते आहे. वेडी झालीस का, असं मी म्हणालो असेन, किंवा नुसतंच मनात म्हटलं असेल. पण बॅटरी उचलून तिच्या मागे निघालो.

गोटुलाच्या अंगणात आई तूर झोडपत होती. जैवंता तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसली. मोहाच्या हंगामापासून दोघी पहिल्यांदा अशा समोरासमोर बसल्या होत्या.

"आत्या, आग लावली नाई तं मोहाची रोपं वाचतील, असं मी शिकली. पन तुले फुलं दिसली पायजे, वेचता आली पायजे. काय करावं, मले समजत नाई. तू सांग."

आईचा हात थांबला. तिने टॅबलेटकडे बोट केलं आणि विचारलं, यातून कोण पाहते आहे. परीक्षा घेणारी, जैवंता म्हणाली.

"तिले म्हन, बस म्हनावं. येळ लागन."

बातमी पसरली तशी माणसं जमली. भूमिया आला, रैजी बकरी ओढत आला. टॅबलेटमधली बाई अतिशय गोड आवाजात सांगत राहिली की परीक्षा-कक्षात अनोळखी चेहरा आढळला आहे. मग सांगितलं, अनेक अनोळखी चेहरे आढळले आहेत. मग बकरीने नाक लावलं तेव्हा म्हणाली, परीक्षार्थीची ओळख पटत नाही. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. शेवटी ती थकली असावी, कारण पडद्यावर 'अनुचित मार्ग, परीक्षा रद्द' अशी अक्षरं आली आणि आवाज बंद झाला. जैवंताने ती अक्षरं पाहिली. मी तिच्याकडे पाहत होतो, तिचे डोळे भरून आले. पण ती उठली नाही, तिने पुढचा प्रश्न विचारला.

चर्चा त्या दिवशी संपली नाही, दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत चालली. पानं पेटवण्याऐवजी झाडून काढावी, असं कुणी म्हणालं. एवढी पानं कोण झाडणार, असं दुसरं. झाडाखाली जाळी अंथरली तर फूल पानात पडणारच नाही, यावर बायका एकदम सावरून बसल्या, कारण कंबर त्यांची मोडते. जाळी कुठून आणायची, याच्यावर अर्धी सकाळ गेली. ज्या म्हाताऱ्यांना डोळ्यांनी कमी दिसतं त्यांनी काय करायचं? त्यांनी घराजवळच्या एका झाडाखाली पानं पेटवावीत, पण शेजारी कुणीतरी पाण्याची घागर घेऊन उभं राहावं. रैजीने हरकत घेतली की बकऱ्या जाळ्यांत पाय अडकवतील. मग हंगामापुरता बकऱ्यांना नाल्यापलीकडचा उतार मोकळा करून दिला. त्याने आणखी हरकत शोधली, त्याला सापडली नाही, आणि तो अगदी खिन्न चेहऱ्याने बरं म्हणाला.

मग एकेकाने तोंडाने हो म्हटलं. आई शेवटून दुसरी. तिने जैवंताच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली की तिला म्हण, दोन दिवस काही खाल्लं नाही तिने, घरी चल. जैवंता म्हणाली, हे तू मलाच सांग ना गं. मग आईने तिलाच सांगितलं.

जैवंताने ती योजना जोडवनात भरली, तेव्हा त्याने 'मध्यम' असा शेरा दिला. काही झाडांखाली आग राहणारच होती, बकऱ्यांनी उतार खाल्लाच असता. शास्त्राच्या कसाला ती अर्ध्यात उतरत होती.

डॉक्टर मृणालचा फोन आला तेव्हा त्या चिडलेल्या होत्या, आणि त्यात दुःखही होतं. तुम्ही हमखास पहिल्या आल्या असतात, त्या म्हणाल्या. आता उन्हाळ्याअखेर कारभार बाहेरच्या संस्थेकडे जाईल, मी काय करू?

"मॅडम, एकटीने केलेली योजना मी मागच्या वर्षी लावून पाहिली," जैवंता म्हणाली. "ती आमच्याच झाडाखाली जळली. मला फक्त मोह गळून होईपर्यंत थांबा. मग सुनावणी घ्या आणि खुंट्यांना विचारा."

मग मृणाल म्हणाल्या की अपील दाखल करा, तारीख मी मिळवते.

त्या वर्षीचा मोह मी विसरणार नाही. जाळ्या कमी पडल्या तिथे बायकांनी जुन्या साड्या जोडल्या. जंगलात झाडाखाली फिक्या, गुलाबी, जांभळ्या साड्या पसरलेल्या, आणि त्यांवर टपटप फुलं. रोज उजाडलं की गाव आधी टॅबलेट पाहायला यायचं. ठरलेल्या म्हाताऱ्यांच्या झाडाखाली ठिपका लागायचा आणि विझायचा. बाकी पडदा हिरवा. मला मात्र धास्ती होती. एका घराने जरी कंटाळून काडी ओढली, तरी नागपूरवाले म्हणणार, पाहा.

आणि मग एका सकाळी पूर्वेच्या टोकाला भलामोठा लाल ठिपका उठला. तिकडे आमचं एकही घर वेचायला जात नाही. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी पेटती विडी टाकली होती. वारा आमच्याकडे होता. मी ओरडायच्या आधी रैजी धावला होता, नाही म्हणत म्हणतच धावत असेल, पण सगळ्यांच्या पुढे. कुणी पळसाच्या ओल्या फांद्या घेतल्या, कुणी घागरी. पोरींनी जाळ्या गोळा करून मागे ओढल्या. आई चूल सोडून आली होती, तिच्या हातात पळी होती, त्या पळीने ती आग झोडपत होती. दुपार व्हायच्या आत आग बांधावर अडली आणि मेली. एरवी असा वणवा आठवडाभर जळतो आणि आम्ही लांबून पाहतो. त्या दिवशी कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. राखण्याचं वचन ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने दिलं होतं, म्हणून जो तो आपलंच जळतंय म्हणून धावला.

सुनावणीला गोटुलात पांढरी चादर बांधून मी मोठा पडदा केला. पलीकडे समिती बसली होती, मधोमध अध्यक्ष, केस पिकलेले, आवाज करडा. त्यांनी विचारलं की परीक्षा एकटीने द्यायची असताना बाकीच्यांना का बोलावलं.

"साहेब, मला जे येतं ते मी लिहू शकते," जैवंता म्हणाली. "पण आत्याच्या झाडाखाली काडी ओढायची की नाही, हे माझ्या हातात नाही. ते तिच्या हातात आहे. तिला बाहेर ठेवून मी त्या झाडाची परीक्षा कशी देऊ?"

डॉक्टर मृणालनी बोलायची परवानगी मागितली. त्यांनी कुणी न सांगता एक काम केलं होतं. त्या तुकडीत पास झालेल्या सगळ्यांच्या योजना घेतल्या आणि त्यांच्या त्यांच्या जंगलातल्या खुंट्यांशी ताडून पाहिल्या. पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या योजनांत आग बंद होती, आणि खुंट्या आगीचा पत्ता सांगत होत्या. योजनेत कुंपण होतं, आणि मातीत खुरांचे ठोके येत होते.

"आमच्या जोडवनात पाणी आहे, बुरशी आहे, वाळवीसुद्धा आहे," त्या म्हणाल्या. "माणसं कशी वागतील ते आम्ही धरलंच नव्हतं. नियम लिहिला म्हणजे तो पाळला जाईल, असं गृहीत धरून आम्ही तीस वर्षं पळवत होतो. चूक आमच्या गणितात आहे."

मग त्यांनी चादरीवर दोन जंगलं दाखवली, दोन्ही आमचीच. एकीकडे शास्त्रशुद्ध योजना, जैवंताच्या पहिल्या वर्षी झाली तशी, प्रत्यक्ष माणसांच्या वागण्यासह. दुसरीकडे आमची मध्यम योजना, या वर्षी पाळली तशी. वर्षं पुढे सरकू लागली. पहिल्या जंगलात मोह विरळ होत गेले. दुसऱ्यात जुनी झाडं पडली तिथे नवी उभी राहिली होती, नाल्यापर्यंत, बांधापर्यंत. आई पुढे जाऊन चादरीवरच्या एका झाडाला बोट लावून आली.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. योजना मंजूर, ते म्हणाले. जंगलाचा कारभार हिरेटोल्याकडेच राहील, आणि प्रमाणपत्र ग्रामसभेच्या नावाने निघेल. नियमात तसं कलम नव्हतं. ते आजच घालावं लागेल, असं त्यांनी शेजारच्याला हळूच सांगितलं, पण माइक सुरू होता.

ढोल कुणी आणला मला आठवत नाही. मी रडलो, सरळ सगळ्यांदेखत रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. जैवंता नाचता नाचता मला ओढत होती आणि मी तारा सोडवत रडत होतो. किल्ली आमच्याच कमरेला राहिली होती.

पावसाळ्यानंतर केंद्राने जैवंताला विचारलं की पुढची तुकडी तुम्ही शिकवाल का. ती म्हणाली, विचारून सांगते. सभेने बरेच दिवस घेतले. रैजीची हरकत होती की ती शिकवत बसली तर बैठकीत त्याच्याशी वाद कोण घालणार. शेवटी वर्ग गोटुलातूनच घ्यायचा, म्हणजे त्यालाही बसता येईल, असं ठरलं.

पहिल्या वर्गाला मी चादर ताणून बांधली आणि जोडणी सुरू केली. चौकटी उघडू लागल्या. पहिल्या चौकटीत झाडाखाली बसलेलं एक आख्खं गाव होतं. दुसरीत शाळेच्या ओट्यावर दाटीवाटीने बायका, मागे काठ्या टेकून पुरुष. सातपुड्यातलं गाव आलं, मेळघाटातलं आलं, समुद्राकडच्या डोंगरातलं आलं, आणि चौकटी लहान होत होत चादरभर माणसंच माणसं झाली. एवढी माणसं आपापलं जंगल घेऊन बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

जैवंताने वळून टॅबलेट आईच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, आत्या, सुरुवात तू कर. आईने पदर सारखा केला. चादरीवरच्या त्या सगळ्या गावांकडे तिने एकदा डावीकडून उजवीकडे पाहून घेतलं.

"जेवले का गा सगळे?"

मग सगळी गावं एकदम बोलली, कोरकूत, पावरीत, वारलीत, गोंडीत, मराठीत, आणि आवाज इतका मोठा झाला की स्पीकर फाटायला आला. मला तो कमी करता आला असता, पण मी केला नाही.